बासष्ट

शुक्रवारी दुपारी, सोहारच्या इंडस्ट्रियल एरियात,
पैसे पाठवायच्या मशीनसमोर एक माणूस
बाहीने स्क्रीन पुसत होता.
स्क्रीन स्वच्छच होती. तिच्यावर लिहिलं होतं:
एरर ४०७१. ऑब्जेक्ट रेफरन्स शून्य. व्यवहार अवैध.
त्याने पुन्हा पुसली,
मग स्वतःचे हात पॅन्टीला.

ते वाक्य माझं होतं.
तीन वर्षांपूर्वी रात्री अडीचला
मी ते मलाच लिहून ठेवलं होतं,
दुसरं कुणी वाचेल असं वाटलंच नव्हतं.

येल्लय्या, गाव जगित्यालकडे, सळ्या बांधायचं काम.
मोडक्या हिंदीत त्याने विचारलं, माझं काय चुकलं?
काही नाही.
बायकोच्या नावात बँकेला एक 'ए' कमी पडत होता.
पैसे जागचे हललेही नव्हते.
हे ऐकल्यावर तो तिथेच फरशीवर बसला.
अडुसष्ट रियाल.
मनातल्या मनात तो ते एकदा गमावून बसला होता.

सोमवारी यादी काढली. तीनशे बारा एरर.
काही माझ्या, काही माझ्याआधी सोडून गेलेल्या
कुणा ब्रागांझाच्या. त्याने एका ठिकाणी नुसतं लिहिलेलं:
'हे घडणं शक्य नाही.'
मागच्या वर्षी ते एकोणीसशे वेळा घडलं होतं.

बाबा कराडच्या तार ऑफिसात होते.
शुभेच्छांना तिथे आकडे असत,
लग्नाला एक, परीक्षा पास झाल्याला एक.
आकडा ठोकायचा, पलीकडे अख्खं वाक्य उतरायचं
फुलांच्या चौकटीतल्या कागदावर.
आकडा तारेसाठी, ते म्हणत, वाक्य माणसासाठी.
मी इतकी वर्षं आकडाच घरपोच करत होते.

मग लिहायला बसले.
पहिलं वाक्य सगळीकडे एकच:
तुमचे पैसे तुमच्याकडेच आहेत.
काय अडलं ते नंतर. काय करायचं ते त्याच्याही नंतर.
'अवैध' काढून टाकला,
तो शब्द दिसला की इथे माणसं खिशातलं ओळखपत्र चाचपतात.
'सर्व्हर प्रतिसाद देत नाही'च्या जागी मी लिहिलं,
'बँक झोपली आहे, सकाळी सातनंतर या.'
शम्साने पहिला अर्धा भाग खोडला. बँका झोपत नाहीत, म्हणाली.
येल्लय्याला वाचून दाखवलं,
तो म्हणाला, 'कृपया' नको.
कृपया आलं की पुढे काहीतरी वाईट असतं.
तीनशे बारा 'कृपया' एका दुपारी गेले.

उरला बासष्ट.
'खाते बंद. खातेदार मृत.'
महिन्यातून दोन-तीनदा येतो.
बहुतेक वेळा घरून फोन आधीच आलेला असतो.
बहुतेक वेळा.
एखाद्याला कुणी सांगितलेलंच नसतं:
सुट्टी मिळणार नाही, तिकीट परवडणार नाही,
उगाच तिकडे जिवाला घोर नको, म्हणून.
आणि हा पगाराच्या दिवशी रांगेत उभा,
मागे अकरा जण, हातात टोकन.

किती तऱ्हांनी लिहून पाहिलं.
जितकं सोपं करत गेले
तितकं ते धारदार होत गेलं.
शेवटी स्क्रीनवर एवढंच ठेवलं:
तुमचे पैसे तुमच्याकडेच आहेत.
खिडकी क्रमांक दोनवर या.

खिडकी दोनवरच्या मुरादने विचारलं,
आणि मी काय सांगू?
माझ्याकडे वाक्य नव्हतं.
मी त्याच्या खिडकीशी एका खुर्चीची मागणी टाकली.
कोड बदलायला एक दुपार लागली होती,
खुर्चीच्या मंजुरीला अकरा आठवडे.

आता आलीय. पाठीवरचं प्लास्टिक अजून तसंच आहे.
जेवणाच्या सुट्टीत सिक्युरिटीवाला बसतो तिच्यावर
बूट काढून.
मुराद त्याला उठवत नाही.